गावात लेकरू हरवलं तर: पहिल्या दहा मिनिटांपासून सापडेपर्यंत काय काय करायचं

नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात, एका लहानशा गावात मी १४ वर्षांपासून पोलीस पाटील आहे. काही वर्षांपूर्वी, तुरीला शेंगा धरल्या होत्या त्या दिवसांत, आमच्या गावातलं साडेतीन वर्षांचं पोरगं दुपारी दिसेनासं झालं. अर्ध्या तासात शंभरेक माणसं नदीकडे धावली. मीही त्यांच्यातच होते. पोरगं सापडलं सायंकाळी साडेसहाला, स्वतःच्याच घरच्या कोठ्यात (गोठ्यात), कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगामागे गाढ झोपलेलं. त्या कोठ्यात आधी तिघांनी पाहिलं होतं. तिघांनीही दारातून डोकावून हाक मारली, ओ आली नाही म्हणून पुढे निघाले. ढिगामागे हात कोणी घातला नाही, आणि कोण कुठे पाहून आलं हे कोणी लिहून ठेवलं नाही.

त्या दिवसानंतर मी प्रत्येक ग्रामसभेत हेच सांगते: आधी जवळचं पाहा, हात लावून पाहा, आणि पाहिलेलं वहीत लिहा. खाली सविस्तर लिहिलं आहे ते आपल्या जिल्ह्याची गावं डोळ्यांसमोर ठेवून. काटोल-नरखेडकडे संत्र्याचे बगीचे आहेत, रामटेक-पारशिवनीकडे जंगल, उमरेड-सावनेरला खाणी, मौदा-कुहीकडे धानाच्या बांध्या, कालवे आणि गोसीखुर्द धरणाचं बुडीत क्षेत्र. जागेप्रमाणे तपशील बदलतील, क्रम बदलू नका.

पहिली दहा मिनिटं

तीन कामं एकाच वेळी सुरू करायची. एकामागून एक नाही.

पहिलं काम पाण्याचं. मूल कुठे दिसत नाही असं कळलं की त्याच क्षणी दोन-दोन मोठ्या माणसांना जवळच्या प्रत्येक पाण्याकडे पळवा: विहीर, शेततळं, नाला, कालवा, घरामागचं टाकं, बांधकामाचा खड्डा. कारण सरळ आहे. घरात झोपलेल्या लेकराकडे तासन्‌तास असतात, पाण्यात पडलेल्याकडे मोजकी मिनिटं. म्हणून घर तपासून संपेपर्यंत विहिरीकडे जायचं थांबू नका.

दुसरं काम घराचं. आईबापांनी घर पाहू नये, ते घाबरलेले असतात आणि त्यांना घर फार ओळखीचं असतं. शेजारच्या दोन शांत डोक्याच्या बायांना सांगा. पलंगाखाली, गाद्यांच्या चळतीमागे, कपाटात, धान्याच्या कोठीत, रिकाम्या ड्रममध्ये, बंद पडलेल्या फ्रिजमध्ये, पाण्याच्या रिकाम्या टाकीत, माळ्यावर, न्हाणीत, संडासात. बाहेर कोठा, कुटार, तणसाचा ढीग, पऱ्हाटीची (कपाशीच्या झाडांची) गंजी, ट्रॅक्टरची ट्रॉली, उभी असलेली प्रत्येक कार. कारचं दार उघडून मागच्या सीटखालीही पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीत लहान मूल फार वेळ तग धरत नाही. सेप्टिक टँकचं झाकण, शोषखड्डा आणि गोबर गॅसची टाकी बघा, पण आत उतरू नका. आत विषारी वायू असतो आणि वाचवायला उतरलेला माणूसही तिथेच पडतो.

लहान मूल हाकेला ओ देईलच असं धरून चालू नका. झोपलेलं असेल, मार बसेल म्हणून लपलं असेल, अनोळखी आवाजाला घाबरलं असेल. म्हणून नुसती हाक पुरत नाही. हात घाला, पांघरूण उचला, ढीग हलवा.

तिसरं काम फोनचं.

११२ ला फोन, आणि लगेच

“२४ तास झाल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत” हे आपल्याकडे अजून सर्रास बोललं जातं. असा नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट आदेश दिला आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असावी असं गृहीत धरून तपास करायचा. १८ वर्षांखालचं प्रत्येक जण यात मूलच धरलं जातं. “पोरगी सतरा वर्षांची आहे, पळून गेली असेल” असं म्हणून कोणी तुम्हाला परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्या कलम १३७ खाली हा गुन्हा नोंदवला जातो.

फोनवर पाच गोष्टी सांगा: मुलाचं नाव आणि वय, शेवटचं कोणी, कुठे, किती वाजता पाहिलं, अंगावर काय कपडे आहेत, गावाचं आणि तालुक्याचं नाव, आणि जवळ पाणी, जंगल, महामार्ग किंवा रेल्वे आहे का. आपल्या जिल्ह्यात एकाच नावाची गावं दोन-दोन तालुक्यांत आहेत, म्हणून तालुका विसरू नका. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, तिथेही कळवा. पाण्याचा किंवा बोअरवेलचा संशय असेल तर १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला सांगा आणि १०८ ची रुग्णवाहिका आधीच मागवून ठेवा. जंगलाच्या कडेचं गाव असेल तर वनविभागाचा १९२६.

ठाण्यात हद्दीचा वाद निघाला तर “झिरो एफआयआर घ्या” असं म्हणा. कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो आणि नंतर तो योग्य ठाण्याकडे जातो. तरीही टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

फोन करायला लाजू नका. लेकरू दहा मिनिटांनी शेजारच्या ओसरीवर सापडलं तर पुन्हा फोन करून सांगायचं. मी अनेकदा तसं केलं आहे, कोणी बोललं नाही.

एक वही, एक माणूस

पोलीस येईपर्यंत शोधाची सूत्रं एकाच माणसाच्या हाती हवीत. पोलीस पाटील असेल तर उत्तम, नसेल तर सरपंच, शाळेचे गुरुजी किंवा आशाताई, कोणीही चालेल, पण एकच. या माणसाने शोधायला जायचं नाही. त्याने गावाच्या मध्यभागी, ग्रामपंचायतीत किंवा पारावर बसायचं, वही घेऊन. आईबापांपैकी एकाने त्याच्याजवळ आणि एकाने घरी थांबायचं. बरीच लेकरं आपल्या पायाने घरी येतात आणि घराला कुलूप पाहून पुन्हा निघून जातात.

वहीत काय? कोण, कुठल्या बाजूला, किती वाजता गेलं, किती वाजता परत आलं, काय पाहिलं आणि काय पाहायचं राहिलं. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. “नाल्याकडे पाहिलं” याला अर्थ नाही. “नाल्याच्या रपट्यापासून आंब्यापर्यंत दोन्ही काठ पाहिले, पलीकडची बेशरमाची जाळी राहिली” याला अर्थ आहे. रात्री दोन वाजता थकलेल्या डोक्याने नवीन टोळी पाठवताना ही वहीच कामी येते.

मूल शेवटचं जिथे दिसलं ती जागा दोरी लावून मोकळी ठेवा. तिथली धूळ म्हणजे पुरावा आहे. पायाचा ठसा दिसला तर त्यावर घमेलं पालथं घाला, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, आणि मुलाची दुसरी चप्पल आणून लांबी जुळते का पाहा. पोलिसांचं श्वानपथक येणार असेल तर मुलाचा न धुतलेला बनियन किंवा चादर चिमट्याने उचलून कागदी पिशवीत ठेवा. घरातल्या सगळ्यांनी तो कपडा छातीशी धरून रडून झाल्यावर कुत्र्याला त्याचा काही उपयोग होत नाही. हे आईला सांगणं कठीण जातं, पण सांगावं लागतं.

मग विचारपूस. हळू आवाजात, एकेकाला बाजूला घेऊन. आज कोणी रागावलं का, मारलं का? शाळेतून निकाल आला का? घरात भांडण झालं का? मूल रोज कोणामागे जातं? मामाचं गाव कुठे? कुठलं कुत्रं, कुठलं वासरू त्याच्या लाडाचं? कुठलं औषध चालू आहे, फिट येते का, ऐकू कमी येतं का? आणि बाकीच्या पोरांना विचारा. मोठी माणसं सांगत नाहीत ते पोट्टे सांगतात, फक्त “तुला कोणी काही बोलणार नाही” असं आधी म्हणावं लागतं. बोरं खायला कोण कुठे जातं, पोहायला चोरून कुठे जातात, मोडका वाडा कुठला, हे त्यांनाच ठाऊक असतं.

यादरम्यान गावाच्या वाटा धरा. डांबरी रस्त्याचा फाटा, एसटीचा थांबा, पांदण जिथे मोठ्या रस्त्याला मिळते ती जागा, कालव्याचा पूल, रेल्वे फाटक. प्रत्येक ठिकाणी दोन माणसं, मुलाच्या फोटोसह. त्यांनी जागा सोडायची नाही. मूल आत आहे तोवर बाहेर जाऊ न देणं हे शोधण्याइतकंच मोठं काम आहे, पण त्यात धावपळ नसल्यामुळे कोणी करायला तयार होत नाही. ते म्हाताऱ्यांना द्या. ते जागचे हलत नाहीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखतात.

लेकरू कसं चालतं, कसं थांबतं

वयाप्रमाणे शोध बदलतो.

तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला आपण हरवलो आहोत हेच कळत नसतं. ते काहीतरी पाहून निघतं, शेळीचं पिल्लू, कोंबडी, पाण्याचा आवाज, आणि थकलं की जिथे आडोसा मिळेल तिथे शिरून झोपतं. बहुतेक वेळा जवळच असतं, पण दिसत नाही. म्हणून या वयासाठी लांब धावू नका. घराभोवतीची प्रत्येक सांदवाडी, धुऱ्यावरचं झुडूप, नळकांडीचा पूल, धानाच्या पुंजण्यांमधली फट वाकून, गुडघ्यांवर येऊन पाहा. आपली नजर जमिनीपासून पाच फुटांवर असते, त्याची दोन फुटांवर.

चार ते सहा वर्षांचं पोर ओळखीच्या जागेकडे निघतं: आजीकडे, बाप काम करतो त्या वावराकडे, कालच्या लग्नाच्या मांडवाकडे. त्याला वाट अर्धवट आठवते, आणि पहिलं चुकीचं वळण घेतल्यावर ते त्याच वाटेने पुढे पुढे चालत राहतं. ज्या वाटेने ते कधी बैलगाडीत किंवा गाडीवर गेलं असेल, ती वाट आधी पाहा. याच वयाचं पोर अनोळखी माणूस दिसला की लपतं, कारण आपणच त्याला तसं शिकवलेलं असतं.

सात ते बारा वर्षांची मुलं लांब जाऊ शकतात. जवळची वाट काढायला जाऊन चुकतात, किंवा भीतीने घर सोडतात. इथे एसटी थांबा, रेल्वे स्टेशन, नातेवाईक, मित्राचं घर या दिशा लवकर उघडाव्या लागतात. त्याहून मोठ्या मुलामुलींच्या बाबतीत मोबाइल, ओळखी आणि घरातलं वातावरण यांचा तपास पोलिसांनीच करावा. गावाने त्यात चर्चा करू नये, विशेषतः मुलगी असेल तर. पोरगी सापडल्यावर तिला याच गावात राहायचं असतं.

स्वमग्न किंवा मतिमंद मूल असेल तर पाणी सगळ्यांत आधी, आणि पुन्हा पुन्हा. अशा अनेक मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. ते हाकेने येत नाही, पण आवडीच्या गाण्याने किंवा ट्रॅक्टरच्या आवाजाने येऊ शकतं. आईला विचारा.

आणखी एक गोष्ट, जी आपण विसरतो. वीटभट्टीवर, कापूस वेचायला, संत्रा तोडायला आलेल्या मजुरांची लेकरं. त्यांना गाव माहीत नसतं, गावाला ती माहीत नसतात, फोटो नसतो, आणि आईबाप ठाण्यात जायला घाबरतात. छत्तीसगडहून किंवा मध्य प्रदेशातून आलेल्या पोराला आपली मराठी हाक कळतही नाही. त्यांच्याच माणसाला त्यांच्याच बोलीत हाक मारू द्या, आणि ठाण्यात त्यांच्यासोबत तुम्ही जा.

वावरं कशी पाहायची

तलाठ्याकडून गावाचा नकाशा घ्या. गट क्रमांक, नाले, पांदण रस्ते सगळं त्यात असतं. मोबाइलवर त्याचा फोटो काढून प्रत्येक टोळीला पाठवा. शेवटच्या जागेपासून आधी अर्धा किलोमीटर, ते नीट पाहून झाल्यावर एक, मग दोन. आधी वाटा आणि नाले, कारण मूल त्यांनाच धरून चालतं, मग पीक.

एका टोळीत सहा ते दहा माणसं, एक म्होरक्या, एक शिट्टी, आणि त्या शिवारातला एक तरी शेतकरी किंवा ढोरकी, म्हणजे गुराखी. ढोरकी मिळाला तर त्याला सोडू नका. कुठली विहीर बिनबांधणीची, कुठे जनावर बसतं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

सोयाबीन किंवा हरभऱ्यात माणसामाणसात दहा फूट अंतर चालतं. उभ्या तुरीत आणि दाट पऱ्हाटीत दोन तासांना (पिकाच्या ओळींना) एक माणूस हवा, आणि प्रत्येकाने वाकून झाडाच्या बुडाकडे पाहायचं, शेंड्याकडे नाही. डिसेंबरातली तूर माणसाच्या डोक्यावर जाते, तिच्यात मूल तीन फुटांवर असलं तरी दिसत नाही. उसात सरीने चाला आणि कडेला माणसं उभी करा. संत्र्याच्या बगीच्यात खालून लांबवर दिसतं, तिथे बसून एक नजर टाकली की बराच भाग होतो, मात्र बगीच्याचं शेततळं आणि ड्रिपचं टाकीघर चुकवू नका.

पाहून झालेल्या वावराच्या कोपऱ्यावर चुन्याची खूण करा किंवा लाल चिंधी बांधा. वही आणि चिंधी जुळली पाहिजे.

सगळ्यांनी एकदम ओरडत चालू नका. दर पाच मिनिटांनी म्होरक्या शिट्टी वाजवेल, सगळे जागच्या जागी थांबतील, एकजण मुलाच्या घरच्या लाडाच्या नावाने हाक मारेल, आणि मग पूर्ण एक मिनिट सगळे गप्प. ट्रॅक्टर बंद, मोटार बंद, मोबाइल बंद. रडण्याचा आवाज फार बारीक असतो. आईचा आवाज रेकॉर्ड करून प्रत्येक टोळीला द्या: “ये बाबू, कोणी रागावत नाही, आई इथंच आहे.” देवळाचा, मशिदीचा, विहाराचा भोंगा आणि घंटागाडीचा स्पीकर यासाठी वापरा. पण भोंगा सतत चालू ठेवला तर ऐकायला काहीच उरत नाही. दहा मिनिटांतून एकदा पुरे.

विहीर, शेततळं, कालवा, खदान

विहिरीत पाहायची जुनी रीत अजून सगळ्यांत चांगली: दिवसा आरसा घेऊन उन्हाची तिरीप पाण्यात सोडा. काठावर चप्पल, घसरल्याची खूण, तुटलेलं गवत शोधा. एकदा पाहिलेली विहीर दोन-तीन तासांनी पुन्हा पाहा. मूल पाण्यात दिसलं तर आधी मोटारीची वीज तोडा, मग दोरी, हवा भरलेली ट्यूब किंवा चार दोऱ्या बांधलेली बाज खाली सोडा. पोहणाऱ्यालाही कमरेला दोर बांधल्याशिवाय उतरवू नका. विहिरीत उडी घेणाऱ्याला तळाचा दगड आणि जुने पाइप दिसत नाहीत.

प्लास्टिक अंथरलेलं शेततळं विहिरीपेक्षा फसवं असतं. उतार गुळगुळीत, शेवाळलेला. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. काठावरून गाठी मारलेला दोर आणि रिकामी बंद कॅन फेका, मदत करणाऱ्याला बाहेरून धरून ठेवा.

कालव्याला पाणी सुटलेलं असेल तर शोध पडल्या जागी करून उपयोग नाही, पाणी पुढे नेतं. पाटबंधारे विभागाच्या चौकीदाराला फोन करून पाणी बंद करायला सांगा, आणि खालच्या पुलावर, गेटवर, जिथे कचरा अडकतो तिथे माणसं उभी करा. पेंचच्या कालव्यांवर असं कितीतरी गावांना करावं लागलं आहे. नदी, तलाव आणि बुडीत क्षेत्रात ढिवर बांधवांना, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांना, बोलवा. डोह कुठे, ओढ कुठे, हे त्यांच्या पिढ्यांचं ज्ञान आहे. त्यांच्या डोंग्याचं नि दिवसाच्या मजुरीचं ग्रामपंचायतीने बघावं. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी नागपुरातच असते, पण ती जिल्हा प्रशासनामार्फत येते, म्हणून १०७७ चा फोन लवकर.

मुरुमाच्या, गिट्टीच्या आणि कोळशाच्या बंद खदानींत पावसाचं पाणी साचून खोल डोह होतात, कडा ढासळत्या असतात. तिथे पोहणाऱ्यालाही उतरवू नका. पथकाची वाट पाहा, फक्त नजर ठेवा.

बोअरवेलमध्ये मूल पडलं असेल तर सगळ्यांत मोठा धोका आपलीच गर्दी. पावलांनी माती आत पडते. सगळ्यांना दूर करा, गाड्या बंद करा, दोरी किंवा आकडा टाकून ओढायचा प्रयत्न करू नका, वरून पाणी सोडू नका. आई किंवा बाप एकच जण फळीवर पालथं पडून मुलाशी बोलत राहील. बोअरची रुंदी, खोली, केसिंग कुठपर्यंत आहे हे मालकाकडून किंवा बोअर मारणाऱ्याकडून लिहून घ्या. पथक आल्यावर पहिला प्रश्न हाच असतो. निकामी बोअर बुजवायचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच दिलेला आहे. तुमच्या वावरात उघडा असेल तर आजच बुजवा.

रात्र, जंगल आणि करंटच्या तारा

रात्री शोध थांबवू नका, पण पद्धत बदला. रात्र शांत असते, आवाज लांबून येतो, बॅटरीच्या उजेडात चप्पल किंवा रंगीत कपडा चमकतो. मोकळ्या जागी शेकोटी किंवा गाडीचे दिवे लावून ठेवा, मोठं मूल उजेडाकडे येतं.

रात्रीचा सगळ्यांत मोठा धोका आपणच तयार केलेला असतो. रानडुकरांसाठी काही वावरांभोवती तारेत थेट करंट सोडला जातो. हे बेकायदा आहे आणि त्याने माणसं मेली आहेत. मूलही त्यात सापडू शकतं, शोधणाराही. टोळी निघण्यापूर्वी भोंग्यावरून जाहीर करा की सगळ्यांनी तारा नि झटका मशीन बंद करावं, कोणावर आता राग धरला जाणार नाही, आणि महावितरणच्या लाइनमनला सांगून शेतीचा फीडर बंद करून घ्या.

पेंच, बोर, उमरेड-पवनी-कऱ्हांडला यांच्या कडेच्या गावांत वनरक्षकाशिवाय जंगलात शिरू नका. गटाने, काठ्या, उजेड आणि बोलण्याचा आवाज ठेवून चाला. सगळ्यांच्या पायात बूट हवेत. साप चावलाच तर कापू नका, आवळून बांधू नका, अंग न हलवता ग्रामीण रुग्णालयात न्या.

कोणी देवऋषी किंवा अंगात आलेल्या बाईला विचारायला जाऊ म्हणालं तर भांडत बसू नका, पण तिच्या सांगण्यावरून टोळी हलवू नका. एकदा आम्ही हलवली होती. दोन तास गेले.

मोबाइलवरचा मेसेज

मेसेज एकच असावा, वहीवाल्या माणसाने लिहिलेला: “हरवले आहे. नाव, वय, उंची. शेवटचं दिसलं: ठिकाण, तारीख, वेळ. कपडे. ओळखीची खूण. दिसल्यास ११२ किंवा (ठाण्याचा क्रमांक). मुलाला एकटं सोडू नका.” तारीख आणि वेळ नसलेला मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतो. आईचा खासगी क्रमांक टाकू नका; पैशांसाठी खोटे फोन येतात आणि ती माउली प्रत्येक फोनला जीव मुठीत धरते. दुसरी एक खूण, उदाहरणार्थ पाठीवरचा तीळ, मेसेजमध्ये मुद्दाम सांगू नका. फोन करणाऱ्याला तीच विचारा.

आणि “मुलं पळवणारी टोळी आली आहे” असं एक अक्षरही लिहू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागायला आलेली माणसं होती ती. अनोळखी माणसाचा संशय आला तर त्याला बसवा, पाणी द्या, ११२ ला कळवा, आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कोणी हात लावणार नाही याची जबाबदारी गावातल्या दोन वजनदार माणसांवर टाका.

सापडल्यावर

आधी श्वास. पाण्यातून काढलेलं लेकरू उलटं टांगू नका, गरगर फिरवू नका, पोट दाबू नका. सपाट जागी पाठीवर झोपवा, हनुवटी किंचित वर करा. श्वास नसेल तर नाक धरून तोंडाने पाच श्वास द्या, छाती वर येते का पाहा. मग छातीच्या मधोमध ३० वेळा दाब आणि २ श्वास, असं चालू ठेवा. दाबाची खोली छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश, वेग मिनिटाला १०० ते १२०. मोठ्या मुलाला एका हाताच्या तळव्याने, तान्ह्याला दोन बोटांनी. १०८ येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्याच, फुप्फुसात गेलेलं पाणी नंतर त्रास देतं.

उन्हात सापडलेलं मूल तापलेलं, गुंगलेलं असेल तर सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. तापाची गोळी देऊ नका. शुद्धीवर असेल तरच घोट-घोट पाणी किंवा ओआरएस. थंडीत भिजलेलं सापडलं तर ओले कपडे काढून कोरड्या गोधडीत, कोणाच्या तरी अंगाशी धरून ठेवा.

कोणी काही केल्याची शंका असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे बदलावे लागले तर ते कागदात गुंडाळून पोलिसांना द्या, आणि दहा जणांनी दहादा विचारू नका. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे अशा मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय, मुलाला सोयीच्या जागी घ्यायचा असतो. हा त्याचा हक्क आहे, तो मागा.

रागावू नका. एक चापटही नको. मारलेलं पोर पुढच्या वेळी हाकेला ओ देत नाही. आणि मेसेज पाठवलेल्या प्रत्येक गटावर “मूल सुखरूप सापडले, फोटो काढून टाका” असं लिहा. दुसऱ्या गावचं एकटं लेकरू तुम्हाला सापडलं तर घरी ठेवून घेऊ नका. पोलिसांना किंवा १०९८ ला कळवा. त्याला २४ तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं.

सापडलं नाही तर

दुसऱ्या दिवशी पहाटे, पहिल्या उजेडात, शेवटच्या जागेपासून सगळं पुन्हा सुरू करा, पण टोळ्या अदलाबदल करून. काल ज्याने कोठा पाहिला त्याने आज नाला पाहावा. पोलिसांना सीसीटीव्हीची आठवण द्या: पेट्रोल पंप, टोल नाका, बसस्थानक. बऱ्याच ठिकाणी जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. नागपूर, काटोल, नरखेड, कामठीच्या स्टेशनांवर रेल्वे पोलिसांना फोटो पोचला का हे स्वतः विचारा. रेल्वेचा क्रमांक १३९. तपास अधिकाऱ्याचं नाव वहीत लिहा आणि दर आठवड्याला भेटा. चार महिन्यांत शोध लागला नाही तर प्रकरण मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जायला हवं, ते गेलं का हेही लेखी विचारा. आईबापांसोबत दर वेळी गावातलं कोणीतरी जावं, एकटं पाठवू नका.

ग्रामपंचायतीतली पेटी

आमच्याकडे आता एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात गावाच्या नकाशाच्या दहा प्रती, दोन कोऱ्या वह्या, पेन, बारा शिट्ट्या, सहा बॅटऱ्या, शंभर फुटांचे दोन दोर, फुगवलेल्या दोन ट्यूब, आरसा, चुन्याची पिशवी, लाल चिंध्या, कागदी पिशव्या, ओआरएसची पाकिटं, आणि एका जाड कागदावर सगळे फोन क्रमांक: ठाणे, वनरक्षक, लाइनमन, कालव्याचा चौकीदार, ढिवर बांधव, पट्टीचे पोहणारे, जेसीबीवाला. विहिरी, शेततळी आणि बोअरची यादी गट क्रमांकानुसार. अंगणवाडी ताई दर सहा महिन्यांनी लहान मुलांचे नवे फोटो आईच्या मोबाइलवर काढून घेते. पोळ्याच्या आधी आणि मेच्या सुरुवातीला आम्ही बॅटऱ्या चालतात का ते पाहतो. पेटीला कुलूप नाही. एक किल्ली हरवण्यात आमची २० मिनिटं गेली होती, तेव्हापासून लावत नाही.